माजी सैनिकांच्या गटात ‘आघातानंतरची वाढ’ मोजावी का? ताणासाठी बैठकीत नेमकं काय घ्यावं?

सज्जनगड_पायथा
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्यात माजी सैनिकांची मासिक बैठक असते, तिच्या आयोजनात मी मदत करतो. पेन्शन, कँटीन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) हे विषय नेहमीचेच. आता मनाच्या तब्येतीसाठीही काही नियमित करायचं ठरलं आहे. पंचवीसेक मेजर मंडळी आहेत. (आमच्याकडे शिपाई असो वा सुभेदार, पेन्शनीवर आला की गावासाठी तो मेजरच.) काही श्रीलंकेत शांतिसेनेत होते, काही १९९९ ला कारगिलला, बाकीच्यांनी काश्मीर नाहीतर ईशान्येत दहशतवादविरोधी ड्यूटी केली आहे.

एका सल्लागारांनी २१ वाक्यांची प्रश्नावली सुचवली आहे. संकटातून गेल्यावर माणसात काय चांगला बदल झाला (त्यालाच ‘आघातानंतरची वाढ’ म्हणतात) ते ती मोजते म्हणे. ज्यांना जास्त गुण ते ‘सावरलेले’, ज्यांना कमी त्यांना समुपदेशन, अशी विभागणी करायची असं त्यांचं म्हणणं. मला तीन गोष्टी जाणकारांकडून हव्या आहेत. एक, ही विभागणी बरोबर आहे का? दोन, बैठकीची रचना कशी असावी: किती माणसं, किती वेळ, काय बोलायचं, काय टाळायचं? तीन, झोप, फटाके आणि दारू यांवर प्रत्यक्ष काय करायचं? शिवाय निम्मे लोक विचारतात की मनोविकारतज्ज्ञाकडे गेलं तर पेन्शनला किंवा बंदुकीच्या परवान्याला धक्का लागेल का. बरेच जण बँकेत सुरक्षारक्षक आहेत, त्यामुळे ही भीती खरी आहे.

चिकित्सक_पुणे
ती विभागणी करू नका. ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज आहे, नेमका तोच माणूस तिच्यामुळे ‘सावरलेल्या’ गटात जाऊन बसेल.

तुम्ही म्हणता ती प्रश्नावली अमेरिकेतल्या टेडेस्की आणि कॅलहून या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली प्रसिद्ध केली. २१ वाक्यं, प्रत्येकाला ० ते ५ गुण, म्हणजे कमाल १०५. इतरांशी नात्याची ७ वाक्यं, नव्या शक्यतांची ५, स्वतःच्या बळाची ४, आयुष्याची किंमत कळण्याची ३ आणि आध्यात्मिक बदलाची २. उपयुक्त साधन आहे, पण ते लक्षणं मोजत नाही. ‘माझ्यात बदल झाला’ असं माणसाला स्वतःला किती वाटतं, एवढंच ते मोजतं.

वाढ आणि त्रास ही तराजूची दोन पारडी नाहीत, की एक वर गेलं म्हणजे दुसरं खाली आलंच. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या राष्ट्रीय पाहणीत (निष्कर्ष २०१५) एकूण सैनिकांपैकी सुमारे ५० टक्क्यांनी मध्यम किंवा अधिक वाढ नोंदवली, आणि चाळणीत (प्राथमिक तपासणीत) पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतरच्या ताणविकाराची, लक्षणं आढळलेल्यांमध्ये हेच प्रमाण ७२ टक्के निघालं. इस्रायलमध्ये १९७३ च्या युद्धात कैद झालेल्या सैनिकांचा झहावा सोलोमन आणि सहकाऱ्यांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. तिथेही ज्यांना त्रास जास्त त्यांनीच वाढही जास्त सांगितली. अनेक अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये झालेल्या विश्लेषणात हे नातं उलट्या ‘यू’सारखं दिसलं: त्रास अगदी कमी तर वाढही कमी, मध्यम असेल तिथे सर्वाधिक, आणि फारच तीव्र झाला की वाढ पुन्हा घसरते.

यामागे कारण आहे. ‘जग सुरक्षित आहे, मी योग्य वागलो तर माझ्या माणसांना काही होणार नाही’ अशा मुळातल्या धारणांना तडा गेला तरच माणूस त्या पुन्हा बांधायला घेतो. ज्याच्या धारणा हललेल्याच नाहीत त्याची वाढ कमी दिसते, कारण तो आधीपासूनच ठीक आहे. म्हणजे कमी गुण हे समुपदेशनाचं कारण होऊच शकत नाही. उलट ज्याच्या डोक्यात तोच प्रसंग दिवसरात्र आपोआप घुसत राहतो, त्याच्याकडे शांतपणे विचार करायला ताकदच उरत नाही. आपोआप घुसणारे विचार आणि मुद्दाम बसून केलेला विचार यांतला हा फरक महत्त्वाचा आहे. वाढ दुसऱ्या प्रकारातून होते, आणि उपचारांनी पहिला प्रकार कमी झाला की दुसऱ्याला जागा मिळते.

अजून एक अडचण. २००९ साली पॅट्रिशिया फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना आघाताच्या आधी आणि नंतर अशा दोन्ही वेळा मोजलं, तेव्हा ‘मी बदललो’ ही समजूत आणि प्रत्यक्ष मोजलेला बदल यांचा मेळ फारसा बसला नाही. आपल्याकडे आध्यात्मिक बदलाच्या वाक्यांवर हे हमखास होईल. भरतीच्या आधीपासून घरात वारी असलेला माणूस तिथे ५ गुण लिहील, कारण त्याची श्रद्धा मोठी आहे. प्रश्न मात्र त्या प्रसंगामुळे काय बदललं हा असतो.

चाळणीच हवी असेल तर पीसी-पीटीएसडी-५ वापरा. आधी आघाताचा अनुभव आला का हे विचारतात, आला असेल तर हो-नाहीचे पाच प्रश्न: नकोशा आठवणी किंवा दुःस्वप्नं, टाळाटाळ, सतत सावध राहणं, बधिरपणा, अपराधी भाव किंवा दोष देणं. तीन किंवा अधिक ‘हो’ आले की तज्ज्ञाकडे पाठवा. तिथे पुढची पायरी पीसीएल-५ ची: २० प्रश्न, गेल्या महिन्याचा काळ, ० ते ८० गुण. ३१ ते ३३ च्या आसपास किंवा वर गेलं तर सविस्तर मुलाखत हवी. आकडा म्हणजे निदान नव्हे. कागद एकेकट्याने भरू द्या, गटात हात वर करायला लावू नका, आणि घरच्यांना शेजारी बसवू नका. ‘सगळं ठीक’ असा सपाट कागद आला आणि माणूस रात्री तीनला अंगणात फेऱ्या मारत असेल, तर कागदापेक्षा फेऱ्यांवर विश्वास ठेवा.

खऱ्या पीटीएसडीवर पुरावा असलेले उपचार ठरलेले आहेत. प्रदीर्घ अनावरण उपचारात (टाळलेल्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं) ८ ते १५ सत्रं असतात, प्रत्येक साधारण ९० मिनिटांचं. विचारप्रक्रिया उपचार (प्रसंगाबद्दलचे अडकलेले विचार तपासणं) सुमारे १२ सत्रांचा असतो. तिसरा ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचाली करत आठवणीवर काम. तिन्हींत आठवणीला टाळणं थांबवायचं असतं, म्हणून पहिले काही आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटतो आणि नेमके तिथेच लोक सोडतात. ‘चौथ्या सत्रापर्यंत जड जाईल’ हे आधी सांगून ठेवलं तर गळती कमी होते.

अपराधी भाव वेगळा तपासा. भीतीपेक्षा ‘मी वाचलो, तो गेला’ किंवा ‘मी ते करायला नको होतं’ हे जिथे जास्त बोचतं, तिथे ‘तुम्ही देशासाठी केलं, विसरा आता’ या वाक्याने माणूस गप्प होतो. त्याला बरं वाटलं असं आपण समजतो, पण त्याने दार लावून घेतलेलं असतं.

गटसंवादक
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी रचनेबद्दल लिहितो.

पंचवीस जणांचा एक गट चालणार नाही. आठ ते दहाचे दोन-तीन गट करा. महिन्यातून एकदा पुरत नाही. आठवड्यातून एकदा, ९० मिनिटं, सलग आठ आठवडे, आणि मग मासिक. दोन संवादक हवेत, कारण कोणी मध्येच उठून गेलं तर एकाने बाहेर जायचं आणि दुसऱ्याने गट चालू ठेवायचा. खुर्च्या गोल, दार सगळ्यांना दिसेल अशा, आणि पाठ भिंतीकडे हवी असेल त्याला ती जागा न विचारता द्या. दारू घेऊन आलेल्याला त्या दिवशी प्रेमाने घरी सोडायचं, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका.

हुद्द्याचा प्रश्न सगळ्यात जास्त बिघाड करतो. सुभेदार साहेब बोलले की नाईक त्यांचंच पुढे नेतो, स्वतःचं बोलत नाही. शक्यतो जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि इतर हुद्दे वेगळ्या गटांत ठेवा. जमत नसेल तर बोलण्याची पाळी कनिष्ठापासून सुरू करा. एकाच पलटणीतले एकत्र असणं विश्वासासाठी उत्तम, पण त्याच कारवाईतले दोघं असतील आणि तिथे कोणी गेलं असेल तर आधी दोघांशी वेगवेगळं बोला. ‘त्या रात्री कोणाचं चुकलं’ हा वाद गटात पेटला तर तो गट संपतो.

गटात लढाईचं तपशीलवार वर्णन नको. हे अनेकांना उलटं वाटतं, कारण ‘बोललं की मोकळं होतं’ अशी आपली समजूत. एका बैठकीत सगळ्यांना प्रसंग उलगडायला लावण्याच्या पद्धतीने पीटीएसडी टळत नाही हे अभ्यासांतून दिसलं आहे, आणि काहींना तिने अपायही होतो. शिवाय एकाचा प्रसंग ऐकून दुसऱ्याची रात्र जाते. प्रसंगाचा तपशील तज्ज्ञासोबत एकट्याने, त्याचा आजच्या जगण्यावर काय परिणाम होतो ते मात्र गटात.

पहिल्या दोन बैठका शरीर आणि झोप यांना द्या, कारण त्यावर बोलायला कोणाला लाज वाटत नाही. श्वास शिकवा: नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. डोळे उघडे ठेवून. डोळे मिटायला लावले की काहींना लगेच चित्रं दिसू लागतात आणि ‘योगाने त्रास वाढला’ असं म्हणून ते पुन्हा येत नाहीत. श्वासाचा सराव शांत वेळी व्हायला हवा. भडका उडाल्यावर पहिल्यांदा करून पाहिला तर तो चालत नाही.

झोपेत उठण्याची वेळ पक्की करा, झोपण्याची नव्हे. वीस मिनिटांत झोप आली नाही तर अंथरुण सोडायचं, मंद उजेडात बसायचं, डोळे जड झाले की परत. घराची कडी-कुलपं एकदाच तपासायची. तीन-चार वेळा तपासली की मेंदूला ‘धोका आहे’ हाच निरोप जातो. तेच दुःस्वप्न वारंवार पडत असेल तर दिवसा त्याचा शेवट किंवा मधला भाग आपल्याला हवा तसा बदलून लिहायचा आणि ती नवी गोष्ट रोज १० ते २० मिनिटं मनात फिरवायची. सुरुवात सगळ्यात भयंकर स्वप्नाने करू नये, मध्यम त्रासाचं घ्यावं.

फटाके, लग्नाची वरात, विसर्जनाचा डीजे. यात दोन टोकं टाळा: वर्षभर कानात बोळे घालून घरात बसणंही नको आणि ‘फौजी असून घाबरतोस?’ म्हणून अंगणात उभं करणंही नको. अचानकपणा हाच मुख्य त्रास असतो, म्हणून वरातीची वेळ आणि मार्ग आधी विचारून ठेवा. दिवाळीच्या दीड-दोन महिने आधीपासून फटाक्यांचं ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात ऐकायचं, अस्वस्थता ० ते १० मध्ये सांगायची, आकडा निम्म्यावर आला की मगच बंद करायचं. ऐन भरात बंद केलं तर ‘पळालो म्हणून वाचलो’ हेच शिकलं जातं. लक्षणं तीव्र असलेल्यांनी हे तज्ज्ञाशिवाय करू नये.

वाढीचा विषय पाचव्या बैठकीच्या आधी काढू नका. काढाल तेव्हा कागदावर दोन रकाने: ‘काय गेलं’ आणि ‘काय मिळालं’. पहिला रकाना आधी भरायचा, आणि दुसरा रिकामा राहिला तरी चालेल हे मोठ्याने सांगायचं. वाढ कोणी मागून घेऊ शकत नाही. ‘त्यातून तुम्ही काय शिकलात?’ हा प्रश्न संवादकाने कधीच विचारू नये. माणूस स्वतःहून ‘आता माझा राग लवकर उतरतो’ म्हणाला, तर ‘घरात कोणाच्या लक्षात आलं?’ असं विचारा. अशाने बोलण्यातला बदल कृतीत उतरला का ते कळतं. गावातल्या पोरांना भरतीची तयारी करून घेणं, वीरपत्नींचे कागद मार्गी लावणं ही इथली चांगली कामं आहेत. लक्ष मात्र ठेवा: पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत कामात बुडालेला माणूस कधीकधी आठवणींपासून पळत असतो. एक दिवस सुट्टी घ्यायला सांगितली की कळतं.

बैठकीनंतर पंधरा मिनिटं चहासाठी ठेवाच. गटात न बोललेलं तिथे बाहेर पडतं.

सज्जनगड_पायथा
दोघांचे मनापासून आभार. विभागणी रद्द. दोन उपप्रश्न. काहींना बोलायचं नाही पण लिहायला तयार आहेत, त्यांना वही द्यावी का? आणि पहिल्या दिवशी मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण सांगून सुरुवात करावी असं समितीचं म्हणणं आहे.

चिकित्सक_पुणे
लेखनावर आधारित अनावरण उपचार आहे आणि तो चांगला आहे: पाच सत्रं, प्रत्येकात ३० मिनिटं त्याच एका प्रसंगाबद्दल हाताने लिहायचं, आधी-नंतर तज्ज्ञाशी थोडं बोलणं. २०१८ च्या चाचणीत तो १२ सत्रांच्या उपचारापेक्षा कमी पडला नाही. पण तज्ज्ञ हवाच. नुसती वही देऊन ‘घरी लिहा’ म्हटलं तर माणूस रात्री अकराला लिहायला बसतो, मध्येच थांबतो आणि झोप घालवतो. तुमच्या पातळीवर वही द्यायचीच तर झोपेची नोंद, राग कशाने आला याची नोंद आणि आठवड्यात काय टाळलं याची नोंद, एवढ्यापुरती द्या.

पेटकर साहेबांचं उदाहरण पहिल्या दिवशी नको. इस्लामपूरचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाला, कमरेखालचा भाग निकामी झाला, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्याने ५० मीटर मुक्त जलतरणाचं सुवर्ण मिळवलं. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण जो माणूस झोपेअभावी बायकोवर ओरडतोय, तो हे ऐकून ‘मी तेवढाही नाही’ असं मनात म्हणतो. सहाव्या-सातव्या बैठकीत सांगा, आणि पदकाआधीच्या सात वर्षांवर भर द्या: रुग्णालय, पुनर्वसन, पाण्यात उतरवणारी माणसं, रोजचा सराव. आधार कुठून मिळाला हे ऐकणाऱ्याला दिसलं पाहिजे.

पेन्शन_कागद
पेन्शन आणि परवान्याबद्दल.

सेवा पेन्शन हुद्दा आणि सेवाकाळावर ठरते. निवृत्तीनंतर मनोविकारतज्ज्ञाकडे गेल्याने ती कमी होत नाही. ही भीती नोकरीतल्या मेडिकल कॅटेगरीची आहे (सैन्यात तब्येतीची श्रेणी ‘शेप’ने ठरते, त्यातला पहिला ‘एस’ मानसिक स्वास्थ्याचाच), आणि ती लोक घरी घेऊन येतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये उपचारांच्या गोपनीयतेचा हक्क कलम २३ मध्ये दिला आहे.

वाट अशी: ईसीएचएस पॉलिक्लिनिक, तिथून मनोविकार विभागाचा रेफरल, मग सेनादलाचं किंवा पॅनलवरचं रुग्णालय. पॉलिक्लिनिकमध्ये ‘झोप येत नाही’ एवढंच सांगितलं तर झोपेची गोळी मिळते आणि विषय संपतो. चाळणीचा कागद, किती महिने त्रास आहे आणि कामावर-घरात काय परिणाम झाला, हे एका पानावर लिहून न्या आणि रेफरल स्पष्ट मागा. कार्ड, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि जुन्या चिठ्ठ्या सोबत. तातडीत थेट जवळच्या रुग्णालयात जा. ते पॅनलवर नसेल तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा, नाहीतर बिल अडकतं.

नोकरीतच आजार नोंदला गेला असेल तर अपंगत्व पेन्शनचा प्रश्न वेगळा. धरमवीर सिंग प्रकरणात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळे झाला असं गृहीत धरावं, आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. पण २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आहेत. त्यामुळे निवृत्तीची तारीख आधी पाहा, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

बंदूक. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवान्याच्या अर्जासोबत डॉक्टरांचं शारीरिक-मानसिक स्वास्थ्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून भीती अगदीच निराधार नाही. चिंता किंवा निद्रानाशावर उपचार चालू आहेत एवढ्यावरून मात्र माणूस अपात्र ठरत नाही. त्याहून महत्त्वाचं: कोणाच्या बोलण्यात ‘आता पुरे झालं’ असा सूर आला तर घरात शस्त्र राहू देऊ नका. निवडणूक आचारसंहितेच्या काळात जमा करतात तसंच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे पावती घेऊन ठेवता येतं. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो. सेनादलं आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ ला टेली-मानसचा वेगळा कक्ष सुरू झाला. बैठकीच्या खोलीत हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावा.

रात्रपाळी
मनोविकार वॉर्डातलं काम करणारी आहे. दारू आणि गोळ्यांचं राहिलं म्हणून लिहिते.

रमने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटते आणि स्वप्नं वाढतात. हे कळल्यावर घरचे एकदम बाटली बंद करतात, आणि इथेच जीव धोक्यात येतो. वर्षानुवर्षं रोज भरपूर घेणाऱ्याने अचानक थांबवलं तर पहिल्या दिवसातच थरथर आणि घाम, ६ ते ४८ तासांत झटके, आणि ४८ ते ९६ तासांत भ्रम होऊ शकतो. भ्रमात जुनी लढाई दिसू लागते आणि घरच्यांना वाटतं पीटीएसडी उसळलं. माणूस दिवस-वार विसरत असेल, ताप-घाम असेल, भिंतीवर काही दिसत असेल तर ती वैद्यकीय तातडी आहे. म्हणून रोज पिणाऱ्याने दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. पूर्वी कधी सोडताना झटका आला असेल तर भरती होऊनच.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या चिंता-झोपेच्या गोळ्या पीटीएसडीवरचा उपचार म्हणून देऊ नयेत, असं अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दारू सोडवताना रुग्णालयात याच वर्गातली औषधं काही दिवस देतात, तो वेगळा उपयोग आहे. पण ज्यांना त्या वर्षभरापासून चालू आहेत त्यांनी हे वाचून उद्या बंद करू नका. त्याही हळूहळूच कमी कराव्या लागतात.

सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन (ही नैराश्यावरची औषधं पीटीएसडीवरही देतात) दिलं असेल तर गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि बेचैनी असते. लैंगिक इच्छा कमी होणं हे गोळी गुपचूप बंद करण्याचं मोठं कारण असतं आणि त्याबद्दल पुरुष बाई डॉक्टरांशी बोलत नाहीत. बैठकीत एखाद्या पुरुष संवादकाने ते आपणहून सांगावं, आणि औषध किंवा मात्रा बदलता येते हेही सांगावं.

दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन देतात. काहींना चांगला गुण येतो, २०१८ च्या मोठ्या चाचणीत मात्र फायदा दिसला नव्हता. साठीपुढच्यांनी एक काळजी घ्यायची: ते रक्तदाब उतरवतं. बीपीची गोळी आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन आधीच चालू असेल तर डॉक्टरांना चिठ्ठी दाखवा, पहिली मात्रा झोपतानाच घ्या, आणि रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून मग उभं राहा.